रेल्वेवाल्याची मारुती

मनमाडमध्ये 'गाडी' म्हणजे रेल्वे. यात वाद नाही. 'गाडी आली का?', 'गाडी लेट आहे', 'पाहुण्यांना गाडीत बसवून आलो' यातली प्रत्येक गाडी रुळावरची. चार चाकांच्या गाडीला आमच्याकडे तिच्या नावानंच हाक मारायची : जीप, मेटॅडोर, अ‍ॅम्बेसेडर आणि मारुती. त्यातही मारुती ही कंपनी वगैरे नाहीच, ती एक जात. दारात अल्टो उभी असो, झेन असो, नाहीतर वॅगन-आर, आमची आजी आतून विचारणार, "कोणाची मारुती आली गं?"

पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं, की गाडी हा लंच टेबलवरचा मेन कोर्स असतो. दर दोन महिन्यांनी टीममधलं कुणीतरी कार घेत असतं. मग एक्सेल शीट फिरते. मायलेज, एअरबॅग्ज, सनरूफ, डिकी, ईएमआय, रिसेल. जपानी घ्यावी, कोरियन घ्यावी की आपली देशी, यावर तर घरं फुटतील एवढे वाद. मीही यात हिरिरीनं भाग घेते. माझी स्वतःची स्विफ्ट आहे, आणि ती घेताना मीही अशीच शीट केली होती. पण या शीटमध्ये एक रकाना कधीच नसतो. तो आमच्या पप्पांच्या वहीत आहे. रकान्याचं नाव : 'कारण'.

त्या वहीकडे येऊच. आधी वहीवाल्याबद्दल.

पप्पा मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. या वर्कशॉपात पुलांचे गर्डर तयार होतात. त्यामुळे आमचा कुठलाही रेल्वेप्रवास असा व्हायचा : पुलावर खडखडाट सुरू झाला, की अख्खा डबा नदीकडे बघणार, आणि आमचे पप्पा तेवढे वाकून गर्डरकडे. वर्षाला पास मिळायचे. त्या पासांवर आम्ही जम्मू बघितलं, कन्याकुमारी बघितली, पुरी बघितली. वर्गातल्या ज्यांच्या घरी कार होती, त्यांच्यापेक्षा आम्ही दसपट फिरलेलो. अशा माणसाला कार कशाला हवी?

अठरा किलोमीटर

आमचं गाव चांदवडच्या अंगाला, मनमाडपासून अठरा किलोमीटर. तिथं रूळ नाहीत. दिवसातून दोन एसट्या, आणि शेवटची संध्याकाळीच परतलेली.

१९९९ च्या डिसेंबरात एका रात्री साडेअकराला शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला : आजोबांच्या छातीत दुखतंय. पप्पा सायकल काढून स्टेशनवर गेले. तेव्हा स्टेशनबाहेर शिर्डीच्या टॅक्स्यांचा बाजार असायचा. शिर्डीला स्वतःचं स्टेशन मिळालं ते २००९ मध्ये. तोवर देशभरातले साईभक्त मनमाडला उतरायचे आणि पुढचे साठेक किलोमीटर जीपनं जायचे. पण रात्री बाराला जो जीपवाला थांबतो, तो पहाटेच्या गाडीच्या भक्तांसाठी थांबतो. कच्च्या रस्त्यानं गावाला जायला दोघे नाही म्हणाले. तिसरा तयार झाला, तोवर दीड वाजला होता.

तिकडे गावातल्या लोकांनी वाट बघून बघून आजोबांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादीवर झोपवलं आणि मनमाडचा रस्ता धरला. अर्ध्या वाटेत जीप आणि ट्रॅक्टर समोरासमोर आले. आजोबा पाच-दहा मिनिटांपूर्वी गेले होते.

पप्पांनी हे आम्हाला कधीही सांगितलं नाही. आईनं सांगितलं, तेही बऱ्याच वर्षांनी. ज्या माणसाच्या खिशात अख्ख्या देशाचा पास होता, त्याला अठरा किलोमीटर वेळेत जाता आलं नाही. आजी मात्र गाव सोडायला तयार नव्हती. "माझ्या गाई कोण बघंल?" विषय बंद.

२००१ मध्ये पप्पांनी सोसायटीचं कर्ज काढलं आणि नव्वद हजारांत सेकंडहँड मारुती ८०० घेतली. सप्टेंबर १९९४ चं मॉडेल, पांढरा रंग, नंबर एमएच-१५ चा. विकणारे नाशिकचे डॉक्टर. 'डॉक्टरची गाडी आहे' हे वाक्य सेकंडहँडच्या बाजारात आयएसआय मार्कासारखं असतं, तुम्हाला माहीतच असेल. पप्पा तेव्हा पन्नाशीचे. त्या वयात ते मोटार चालवायला शिकले. गाडी नेमकी शनिवारी घरी आली. आजीनं नारळ फोडला आणि भविष्य वर्तवलं, "शनिवारचा मारुती हाय, तेल लई पिणार!"

मागाच्या पोटातून मोटार

आता थोडं जपानला जाऊ या. कारण या गाडीचं माहेर तिथलं, आणि ते माहेर आपल्या येवला-मालेगावच्या फार जवळचं आहे.

जपानमध्ये टोकियो आणि ओसाका यांच्या मधोमध, समुद्रकाठी हामामात्सु नावाचं शहर आहे. सूत आणि कापडासाठी जुनं प्रसिद्ध. १९०९ मध्ये मिचिओ सुझुकी नावाच्या तरुणानं तिथं कारखाना काढला. मोटारींचा नव्हे, मागांचा! सुताराचं काम शिकलेला हा पोरगा. पहिला माग त्यानं आपल्या आईसाठी बनवला, अशी गोष्ट सांगतात. तो माग इतका भराभर चालायचा, की शेजारपाजारच्या बायकाही मागायला लागल्या. १९२० मध्ये त्याची रीतसर कंपनी झाली, माग परदेशातही जायला लागले.

गंमत म्हणजे टोयोटाचंही मूळ मागातच आहे. साकिची टोयोदा यांनी स्वयंचलित माग बनवला, १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी घेतले, आणि त्यांच्या मुलानं, किइचिरोनं, घराण्याला मोटारींकडे वळवलं. २००० मध्ये टोयोटाची क्वालिस भारतात आली आणि बघता बघता शिर्डीच्या टॅक्सी स्टँडवर जीपच्या शेजारी उभी राहिली. मनमाडच्या चौकात पैठणीच्या बॅगा सांभाळत क्वालिसमध्ये बसणाऱ्या एकाही बाईला ठाऊक नसेल, की साडी आणि गाडी दोन्ही मागाच्याच पोटातून आल्यात.

मिचिओ सुझुकींना १९३० च्या दशकातच मोटार खुणावत होती. १९३७ पासून त्यांनी छोट्या कारवर काम सुरू केलं. नमुना गाड्या तयारही झाल्या. त्यांचं इंजिन ८०० सीसीच्या किंचित आतलं होतं, हा निव्वळ योगायोग. तेवढ्यात युद्ध पेटलं. सरकारनं मोटारीला अनावश्यक वस्तू ठरवलं. सगळं गुंडाळून ठेवावं लागलं.

युद्धानंतर कंपनी पुन्हा मागांकडे गेली, तर १९५१ मध्ये कापसाचा बाजार कोसळला. मालेगावच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. सूत महागलं, कापड पडून राहिलं, की माग कसे गप्प होतात आणि घरं कशी गप्प होतात, हे त्यानं बघितलेलं असतं. सुझुकींना वाचवलं सायकलनं. मिचिओंचे जावई शुन्झो मासे पकडायला सायकलवरून जायचे. समोरून वारा आला, की पाय भरून यायचे. या सायकलीला इंजिनच लावलं तर? १९५२ मध्ये ३६ सीसीचं छोटं इंजिन बसवलेली 'पॉवर फ्री' बाजारात आली आणि धडाक्यात खपली. १९५४ मध्ये कंपनीच्या नावात 'मोटर' आला, १९५५ मध्ये ३६० सीसीची 'सुझुलाइट' ही छोटी कार आली. समोरच्या वाऱ्यामुळे जी कंपनी मोटारींकडे वळली, तिच्या भारतातल्या गाडीवर पुढं वायुपुत्राचं नाव लागावं, हे आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग? देवालाच काळजी."

पप्पांना मात्र वेगळीच गोष्ट आवडली. हामामात्सुमध्ये १९१२ पासून रेल्वेचं मोठं वर्कशॉप आहे, आज तिथं बुलेट ट्रेनची देखभाल होते. हे मी त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा ते चष्मा काढून बराच वेळ बसले. म्हणाले, "म्हणजे आपलं मनमाडच की. इकडं वर्कशॉप, बाजूला माग." मग जरा थांबून, "आपल्याकडं कुणी सुझुकी का नाही झाला, ते बघ." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मालेगावात जुना यंत्रमाग खोलून, घासून, पुन्हा उभा करणारे एकापेक्षा एक कारागीर आहेत. हात कमी पडले असं काही वाटत नाही.

घरजावयांची कंपनी

सुझुकी घराण्याची आणखी एक भन्नाट गोष्ट म्हणजे घरजावई. आपल्याकडे हा शब्द टोमणा मारायला वापरतात. तिथं घरजावयांनी कंपनी चालवली. शुन्झो हे जावई. पुढं आले ओसामु. जन्म १९३० चा, मूळ आडनाव मात्सुदा. बँकेत नोकरी करत होते. १९५८ मध्ये मिचिओंच्या नातीशी लग्न केलं, सासरचं आडनाव लावलं आणि कारखान्यात दाखल झाले. १९७८ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले आणि पुढची चार दशकं सुझुकी म्हणजे ओसामु हे समीकरणच होतं.

माणूस कंजूष म्हणून प्रसिद्ध. एसीचं बिल वाचावं म्हणून कारखान्याची छतं खाली घ्यायला लावायची, उतारवयातही विमानाच्या इकॉनॉमी क्लासमधून हिंडायचं, असे त्यांचे किस्से आहेत. आपल्या ऑफिसातल्या फायनान्सवाल्यांचं आराध्यदैवतच म्हणा ना!

पण याच कंजूष माणसानं एक जुगार खेळला. संजय गांधींची मारुती ही खासगी कंपनी बुडाली होती. १९८१ मध्ये सरकारी 'मारुती उद्योग' उभी राहिली आणि ती परदेशी जोडीदार शोधत होती. मोठमोठ्या कंपन्यांशी बोलणी झाली. शेवटी ऑक्टोबर १९८२ मध्ये करार झाला तो त्या मानानं छोट्या असलेल्या सुझुकीशी. सुझुकीचा वाटा सुरुवातीला २६ टक्के. १४ डिसेंबर १९८३ या दिवशी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची चावी हरपाल सिंग यांच्या हातात ठेवली. ते इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरीला होते, सोडतीत त्यांचा नंबर लागला होता. गाडीची किंमत पन्नास हजारांच्या आतबाहेर. त्यांनी ती २०१० मध्ये मरेपर्यंत वापरली, विकली नाही. आता ती गाडी पुन्हा नवी करून कंपनीच्या मुख्यालयात ठेवली आहे.

गुरगावच्या कारखान्यात साहेब आणि कामगार यांना एकच युनिफॉर्म, एकच कॅन्टीन, आणि साहेबांना बंद केबिन नाही. आज आपण ओपन ऑफिसमध्ये बसून कंटाळतो, पण १९८३ च्या सरकारी कंपनीत ही क्रांती होती. हे सगळं पप्पांना माहीत होतं, कारण वर्कशॉपात त्याच्या चर्चा व्हायच्या. मात्र १८ जुलै २०१२ ला मानेसरच्या कारखान्यात दंगल झाली, आग लागली, एक एचआर अधिकारी मेला, आणि पुढं २०१७ मध्ये तेरा कामगारांना जन्मठेप झाली. तेव्हा युनियनमध्ये आयुष्य काढलेले पप्पा म्हणाले, "एका कॅन्टीनमध्ये जेवून भागत नाही. एकाच कामाला एकाला पर्मनंटचा पगार आणि दुसऱ्याला कंत्राटाचा, मग जेवण कडूच लागणार. पण म्हणून माणूस मारायचा?" त्यांना दोन्ही बाजूंचं वाईट वाटत होतं.

सरकारनं २००७ मध्ये उरलेला हिस्सा विकला आणि कंपनीच्या नावात सुझुकी आलं. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. ओसामु सुझुकी २५ डिसेंबर २०२४ ला गेले. २०२५ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. ती बातमी पप्पांनी कापून वहीत चिकटवली आहे.

चोक, रॉकेल आणि चाचा

आता खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी चोक ओढलाय? आमची ८०० कार्ब्युरेटरवाली. डिसेंबर-जानेवारीत मनमाडची थंडी हाडात शिरते. सकाळी चोक ओढायचा, चावी फिरवायची, ती खोकणार, पुन्हा फिरवायची, पुन्हा खोकणार. तिसऱ्यांदा सुरू झाली, की चोक हळूहळू आत ढकलत राहायचं. घाई केली की बंद. आईच्या मते लग्न झालेल्या प्रत्येक बाईला हे आपोआप जमतं.

एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. मेमध्ये सीटवर ओला टॉवेल टाकून बसायचं. इंजिन ७९६ सीसी, सिलिंडर तीन. पाच माणसं भरून चढ लागला, की दुसऱ्या गिअरमध्ये ती असा आवाज काढायची, की एकानं उतरावं असं वाटे. पण चढायची. गावाच्या कच्च्या रस्त्यावर, जिथं जीपवाले नाही म्हणाले होते, तिथं ही हलकी बाई दगड चुकवत आरामात जायची. रुतली तर चौघांनी उचलून बाजूला ठेवायची.

आणि पाणी! मनमाडकर हा शब्द ऐकून हसतील. आमच्याकडे नळाला पाणी पंधरा-वीस दिवसांनी येणं ही बातमी नसायची, ते कॅलेंडर होतं. वागदर्डी धरणात पाणी किती, यावर लग्नाच्या तारखा ठरायच्या. मग पप्पा मागची सीट काढून टाकायचे आणि गाडीत कॅन भरून ओळखीच्यांच्या विहिरीवरून पाणी आणायचे. आमच्या गाडीची मागची सीट वर्षातले चार महिने घरात असायची. तीच आमचा सोफा.

गाडीचे डॉक्टर म्हणजे गल्लीच्या टोकाचे चाचा. गॅरेज कसलं, पत्र्याची शेड आणि एक खड्डा. पण हात असा, की बॉनेट उघडायच्या आधी नुसतं ऐकून सांगणार, "पॉइंट साफ करना पडेगा." २००० नंतर मारुतीत एमपीएफआय इंजिन आलं, पुढं लॅपटॉप लावून बिघाड शोधायचे दिवस आले. चाचांनी तेही शिकून घेतलं, पण आमची गाडी आली की त्यांचा चेहरा खुलायचा. "इसमें कुछ छुपा नहीं है," ते म्हणायचे. खरंच होतं. सगळं समोर दिसायचं, सगळं पान्यानं उघडायचं. क्लच केबल तुटली तर पप्पा रस्त्यात उभे राहून बदलायचे.

एकदा गाडी सारखी धक्के द्यायला लागली. चाचांनी कार्ब्युरेटर उघडला, बोट बुडवलं, वास घेतला. "भाईसाब, इसमें तो रॉकेल है." कुठल्या पंपावर भरलं होतं ते पप्पांनी सांगितलं, चाचांनी मान हलवली. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. रात्रंदिवस टँकरची रांग असते. त्या रांगेच्या सावलीत भेसळीचा धंदा पोसला होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलायचं नाही. आम्हाला तो कार्ब्युरेटरपुरता त्रास वाटायचा.

२५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी पानेवाडीजवळ हा प्रकार बघितला आणि ते थांबले. त्यांना तिथंच जिवंत जाळण्यात आलं. आमच्या घरापासून काही किलोमीटरवर. पप्पांच्या वहीत त्या आठवड्यात एकच ओळ आहे : 'गाडी बाहेर काढली नाही.' पेट्रोलच्या वासानं त्यांना मळमळायचं, असं आई सांगते.

कारणांची वही

तर ती वही. रेल्वेतला माणूस नोंद केल्याशिवाय राहत नाही. लाल पुठ्ठ्याची लांब वही, रकाने आखलेले : तारीख, वेळ, कुठून कुठे, किलोमीटर, पेट्रोल, कारण. पहिल्या पानापासून आजतागायत एकही फेरी सुटलेली नाही. त्यातल्या काही नोंदी अशा :

'गाव व परत, ३८ किमी. कारण : आईच्या बीपीच्या गोळ्या.'

'रात्री २.१०. घर ते दवाखाना. कारण : समोरच्या वहिनी, बाळंतपण. मुलगी झाली. ४.३५.'

'मालेगाव व परत. कारण : चाचांचा हात भाजला.'

'रात्री १२.४०. गाव ते नाशिक. कारण : आई. पोहोचलो.'

शेवटची नोंद २००७ ची. आजीला हार्ट अ‍ॅटॅक आला होता. 'पोहोचलो' हा शब्द वहीत इतरत्र कुठंच नाही. आजी त्यानंतर नऊ वर्षं जगली. गाईंसकट.

त्या गाडीत पेट्रोलचा काटा निम्म्याच्या खाली गेलेला मी कधी बघितला नाही. मी बारावीत असताना क्लासला सोडा म्हटलं, तर पप्पा म्हणायचे, सायकल आहे ना. कंजूष नव्हते, गाडी राखून ठेवलेली होती. हळूहळू गल्लीत ठरूनच गेलं, की रात्री काही झालं तर रेल्वेवाल्यांची मारुती. आमच्या दाराची कडी रात्री दोनला वाजली, की आई आधी थर्मास भरायची, मग विचारायची कोण आहे.

मागच्या दिवाळीत मी बसून मोजलं. २००१ ते २०१३ या काळात रात्रीच्या एकेचाळीस फेऱ्या. २०१४ नंतर नऊ. कारण सरळ आहे : २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ नंबरची अ‍ॅम्ब्युलन्स सुरू झाली. रस्ते सुधारले. घरोघरी गाड्या आल्या. एका माणसानं गल्लीची काळजी डोक्यावर घ्यावी, अशी वेळ राहिली नाही. हे चांगलंच झालं. पण एक गोष्ट वहीत दिसते. २०१४ नंतरही पेट्रोलच्या रकान्यात टाकी भरल्याच्या नोंदी तेवढ्याच नियमित आहेत.

चावी कोणाकडे?

२०२३ मध्ये पप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसा स्वच्छ दिसतं, पण रात्री समोरच्या दिव्यांचे फुगे होतात. दादा ठाण्याला असतो, तो त्या दिवाळीत स्पष्ट बोलला. "पप्पा, गाडी भंगारात द्या. सर्टिफिकेट मिळतं, नव्या गाडीवर सूट मिळते. एअरबॅग नाही, एबीएस नाही. उद्या काही झालं तर?" त्याचं चूक नव्हतं. मला दोघांचं पटत होतं, आणि अशा वेळी माणसाची जी पंचाईत होते ती माझी झाली. तुमच्याकडेही हा सीन कधीतरी होणार आहे, किंवा होऊन गेला असेल. वडिलांच्या हातातून चावी मागायची कशी? ज्यांनी आपल्याला क्लच सोडायला शिकवलं, त्यांना 'आता पुरे' म्हणायचं कसं?

पप्पांनी आमचा प्रश्नच सोडवला. म्हणाले, "रेल्वेत डोळे तपासतात. नापास झाला तर ड्रायव्हर कितीही मोठा असो, इंजिनावरून उतरवतात. मी रात्रीची गाडी सोडली." उठले आणि चावी दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली. खाली चिठ्ठी : 'रात्री — चाचांचा नातू. मी शेजारी बसेन.'

"आणि दिवसा?" दादानं विचारलं.

"दिवसा मी पास आहे."

सप्टेंबर २०२४ मध्ये गाडीला तीस वर्षं झाली. नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठीच मिळतं. पंधरा वर्षांपुढच्या कारची ही फी २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली होती. त्यात हरित कर, इन्शुरन्स, शिवाय चाचांच्या नातवानं केलेली ब्रेक, सायलेन्सर आणि पत्र्याची कामं. गाडी विकली तर येतील त्यापेक्षा थोडे जास्तच पैसे गेले. मी हिशेब दाखवला. पप्पा म्हणाले, "दोन हजार एकोणतीसपर्यंत पास मिळाला. तेव्हा मी अठ्ठ्याहत्तर." त्यांनी गाडीचा आणि स्वतःचा हिशेब एकाच ओळीत मांडला होता, आणि त्यावर एक्सेलमध्ये काही करता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या कारची फी दहा हजार झाली. तेव्हा फोन करून खूश होऊन सांगितलं, "स्वस्तात सुटलो!"

माझ्या टीममधला एक जण सध्या कार शोधतोय. परवा शीट घेऊन आला, कोणती घेऊ म्हणाला. मी सांगितलं, स्टार बघ, एअरबॅग बघ, सगळं बघ. आमच्या ८०० मध्ये यातलं काही नाही आणि आज ती कुणाला घ्यायला सांगणार नाही. फक्त एक रकाना वाढव. रात्री दोनला फोन आला, तर ही गाडी घेऊन कोणासाठी निघणार? त्यानं हसत हसत टाइप केलं, मग थांबला. त्याचे आई-वडील लातूरकडच्या एका खेड्यात राहतात.

पप्पांची वही मी घरी गेले की आधी बघते. आता तिच्यात दोन हस्ताक्षरं आहेत, पप्पांचं आणि चाचांच्या नातवाचं. पाणी, बँक, पेन्शनचा दाखला, कुणाला तरी स्टेशनवर सोडणं. गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी मात्र एक वेगळी नोंद सापडली. अक्षर पप्पांचं. प्रवासी दोन, ते आणि आई. घर ते अनकाई किल्ल्याचा पायथा आणि परत. पावसाळ्यात तिथले डोंगर हिरवेगार होतात, वाटेवर मक्याची कणसं मिळतात. चोवीस वर्षांच्या वहीत 'कारण' या रकान्यात हा शब्द पहिल्यांदाच आला होता.

'सहज.'